कार्बनचा कर, घरपोच परतावा

कॅनडाच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइनच्या जंगलांचा फडशा पाडणारा भुंगेरा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तो तिथे नवा नव्हता. साल पोखरून आत अंडी घालायची, अळ्यांनी झाडाचा जीवनरस अडवायचा आणि झाड उभ्याउभ्या वाळवायचं, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. पण अधूनमधून कडाक्याचा हिवाळा पडे, पारा शून्याखाली ३५-४० अंशांपर्यंत घसरे आणि सालीखालच्या बहुतेक अळ्या गारठून मरत. १९९० च्या दशकापासून असे हिवाळे विरळ होत गेले. पुढच्या दीड-दोन दशकांत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला या किड्याने ग्रासलं. महाराष्ट्राचं निम्म्याहून अधिक क्षेत्रफळ व्यापेल एवढं हे जंगल. हिरवे डोंगर आधी तांबडे झाले, मग करडे. लाकडाच्या गिरण्यांवर जगणाऱ्या गावांना हवामान बदल म्हणजे काय हे सांगायला कुणा शास्त्रज्ञाची गरज उरली नाही.

याच प्रांतात १ जुलै २००८ पासून पेट्रोल, डिझेल, कोळसा, नैसर्गिक वायू अशा इंधनांवर कार्बन कर सुरू झाला. तो लावणारे प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, गॉर्डन कँपबेल हे काही पर्यावरणवाद्यांच्या गोटातले नव्हते. त्यांचा पक्ष उद्योगांच्या बाजूचा, कर कमी करण्याची भाषा बोलणारा. त्यामुळे हा करही त्याच वळणाचा निघाला. सुरुवातीचा दर टनभर कार्बन डायऑक्साइडला १० डॉलर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; म्हणजे लिटरमागे सव्वादोन-अडीच सेंटांची वाढ. दर वर्षी ५ डॉलरने चढत २०१२ मध्ये हा दर ३० डॉलरवर जाणार, हे वेळापत्रक पहिल्याच दिवशी जाहीर झालेलं होतं. कारखानदाराने नवा बॉयलर कधी घ्यायचा, घरमालकाने जुनी हीटिंगची भट्टी कधी बदलायची, याचा हिशेब त्यांना आधीच मांडता आला.

खरी मेख मात्र पुढे आहे. या कराचा पैसा सरकारने स्वतःकडे ठेवायचा नाही, जेवढा गोळा होईल तेवढा दुसरे कर घटवून परत करायचा, असं कायद्यातच लिहिलं होतं. प्राप्तिकराच्या खालच्या दोन टप्प्यांचे दर कमी झाले. कंपनी कर टप्प्याटप्प्याने १२ वरून १० टक्क्यांवर आला, छोट्या धंद्यांचा साडेचारवरून अडीचवर. ज्यांचं उत्पन्न प्राप्तिकराच्या कक्षेतच येत नाही, त्यांना रोख मदत. शिवाय कर सुरू होण्याआधीच माणशी १०० डॉलर लोकांच्या हाती पडले. हा ताळमेळ जमला नाही, तर अर्थमंत्र्याच्या पगाराला कात्री लागेल अशीही तरतूद होती. जगातल्या कुठल्याही विधिमंडळाने डोळे झाकून उचलावी, अशी ही तरतूद.

विरोधी पक्षाने ‘हा कर हटवा’ अशी घोषणा देत २००९ ची निवडणूक लढवली आणि तो हरला. पुढे या कराचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं, की कर नसता तर जेवढं उत्सर्जन झालं असतं त्यापेक्षा ते ५ ते १५ टक्क्यांनी कमी झालं, आणि एकूण अर्थव्यवस्थेला म्हणावा असा धक्का बसला नाही. पर्यावरण वाचवायचं तर पोटावर पाय येणार, या समजाला हे एक ठोस उत्तर होतं.

मुळात या कल्पनेला शंभर वर्षं उलटून गेली आहेत. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये ती मांडली. एखादा कारखाना आपलं सांडपाणी नदीत सोडतो. त्याच्या मालाच्या किमतीत मजुरी असते, वीज असते, वाहतूक असते. पण खालच्या गावातली मेलेली मासळी आणि बिघडलेल्या विहिरी नसतात. तो खर्च गावकरी भरतात. पिगूंचं म्हणणं, हा लपलेला खर्च करातून किमतीत आणा, मग बाजार आपोआप शहाणा होईल. कुणी काय वापरावं, कुठलं यंत्र बसवावं हे सरकारने सांगत बसायला नको. कार्बनचं हेच. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी एक निवेदन काढलं: कार्बनवर कर लावा, तो वाढवत न्या आणि सगळा पैसा समान वाट्याने नागरिकांना परत द्या. त्यावर अर्थशास्त्राच्या २७ नोबेल मानकऱ्यांच्या सह्या होत्या. अमर्त्य सेन यांचीही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हा हयात असलेले सगळे माजी अध्यक्ष त्यात होते आणि पुढे सह्यांचा आकडा साडेतीन हजारांवर गेला. एरवी दोन अर्थशास्त्रज्ञ एका खोलीत असले तर तीन मतं निघतात म्हणतात. इथे उजवे-डावे सगळे एका कागदावर आले.

पण सह्यांनी कायदा होत नाही. कायदा करणाऱ्यांना मतदारांची भीती असते.

मार्शल साँडर्स यांनी नेमकं हेच टोक पकडलं. सॅन डिएगोजवळ राहणारे हे गृहस्थ पेशाने स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातले. भूकनिर्मूलनासाठी लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा करणाऱ्या ‘रिझल्ट्स’ या संघटनेचे ते स्वयंसेवक होते, आणि बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवर मेक्सिकोत गरीब बायकांना छोटी कर्जं देण्याचं कामही त्यांनी उभं केलं होतं. अल गोर यांचा हवामान बदलावरचा माहितीपट पाहून ते व्याख्यानं देत फिरू लागले. लोकांना सांगत, दिवे बदला, गाडी कमी काढा. त्याच सुमाराला अमेरिकी संसदेने तेल आणि कोळसा कंपन्यांच्या अब्जावधी डॉलरच्या करसवलती पुढे चालू ठेवल्या. आपल्या श्रोत्यांनी घराघरात केलेली बचत त्या एका मतदानापुढे कुठेच टिकत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. २००७ मध्ये त्यांनी ‘सिटिझन्स क्लायमेट लॉबी’ ही संघटना सुरू केली.

या संघटनेची रीत तऱ्हेवाईक वाटावी अशी आहे. मोर्चा नाही, घेराव नाही, पुतळे जाळणं नाही. मतदारसंघातले चार-पाच नागरिक आपल्या लोकप्रतिनिधीची वेळ मागतात. त्यांत निवृत्त शिक्षिका असते, शेतकरी असतो, कधी सैन्यातून परतलेला कुणी. भेटीची सुरुवात त्या प्रतिनिधीने केलेल्या एखाद्या खऱ्या कामाबद्दल आभार मानून व्हायची, हा दंडक. तो कितीही विरोधी मताचा असो. मग ऐकायचं, प्रश्न विचारायचे, आणि एकच मागणी मांडायची: कार्बनवर शुल्क लावा आणि पैसा लोकांना परत द्या. दर जूनमध्ये हजाराहून अधिक स्वयंसेवक वॉशिंग्टनला जाऊन शेकडो कार्यालयांत अशा भेटी घेत. हे गोडगोड वाटेल, पण त्यामागे पक्का हिशेब आहे. एका पक्षाने रेटून केलेला कायदा दुसऱ्या पक्षाने सत्तेवर आल्याबरोबर मोडता येतो. ऑस्ट्रेलियात तसंच झालं: जुलै २०१२ मध्ये कार्बनला टनामागे २३ डॉलरची किंमत लागली आणि सरकार बदलताच जुलै २०१४ मध्ये ती रद्दही झाली. दोन्ही बाजूंचे लोक सोबत नसतील तर असा कर टिकत नाही.

फ्लोरिडातले रिपब्लिकन कार्लोस कर्बेलो आणि डेमोक्रॅट टेड डॉइच यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये संसद सदस्यांचा एक हवामान गट काढला तो याच विचाराने. बायबलमधल्या नोहाच्या नौकेसारखा त्याचा नियम, जोडीने या: एका पक्षाचा एक आत आला, तर दुसऱ्या पक्षाचाही एक यायला हवा. २०१८ पर्यंत गट नव्वदवर गेला, ४५ इकडचे, ४५ तिकडचे. पण त्याच वर्षी जुलैमध्ये कार्बन कराचा निषेध करणारा ठराव सभागृहात आला, तेव्हा गटातल्या बहुतेक रिपब्लिकनांनी ठरावाच्या बाजूनेच मत दिलं. नौकेत बसणं सोपं, वल्हवणं अवघड. कर्बेलो स्वतः कार्बन कराचं विधेयक मांडून नोव्हेंबरच्या निवडणुकीत पडले.

तरीही त्या नोव्हेंबरअखेर संघटनेला हवं होतं ते विधेयक दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मांडलं. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. शुल्क घ्यायचं ते खाणीच्या तोंडाशी, तेलविहिरीवर किंवा बंदरात. म्हणजे कोट्यवधी ग्राहकांऐवजी मोजक्या कंपन्यांशी गाठ. सुरुवात टनाला १५ डॉलर, दर वर्षी १० डॉलरची वाढ. जमलेला पैसा, प्रशासनाचा खर्च वगळून, दरमहा प्रत्येक माणसाला समान. लहान मुलांना अर्धा वाटा. श्रीमंत माणूस मोठं घर गरम करतो, मोठी गाडी चालवतो, विमानाने फिरतो. त्याच्याकडून जास्त जातं आणि परत मात्र सगळ्यांइतकंच येतं. कमी उत्पन्नाच्या बहुतेक कुटुंबांना महागाई सोसूनही चार पैसे वर मिळतात. आणि देशातल्या उद्योगांना बाहेरच्या स्वस्त, धुरकट मालाने खाऊ नये म्हणून आयातीवर सीमेवरच तेवढं शुल्क. हे शेवटचं कलम आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. युरोपीय संघाने पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं यांच्या आयातीला जानेवारी २०२६ पासून तेच लागू केलं आहे, आणि युरोपला पोलाद विकणाऱ्या भारतीय कारखान्यांनाही आपल्या कार्बनचा हिशेब द्यावा लागतो आहे.

अमेरिकेतलं ते विधेयक कायदा झालं नाही. पुढच्या सत्रात त्याला ८० हून अधिक सदस्यांचा पाठिंबा मिळाला, पण जवळजवळ सगळे एकाच पक्षाचे. साँडर्स डिसेंबर २०१९ मध्ये वारले.

पैसा परत दिला नाही तर काय होतं, ते फ्रान्सने दाखवलं. तिथेही इंधनावरचा कार्बन कर वाढत होता, पण त्यातला बराच पैसा सरकारी तिजोरीत जात होता; शिवाय त्याच काळात श्रीमंतांवरचा संपत्ती कर उठवला गेला. शहरापासून दूर राहणाऱ्या, गाडीशिवाय कामावर पोचू न शकणाऱ्या लोकांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटं घातली आणि चौक अडवले. डिसेंबरात सरकारने पुढची वाढ मागे घेतली.

मग पैसा परत दिला की प्रश्न सुटतो का? इथे कॅनडाची गोष्ट पुन्हा हाती घ्यावी लागते, आणि ती सुखान्त नाही.

जस्टिन ट्रुडो यांच्या सरकारने २०१९ मध्ये, ज्या प्रांतांत स्वतःची व्यवस्था नव्हती तिथे, टनाला २० डॉलरपासून इंधन शुल्क सुरू केलं. त्यातला सुमारे ९० टक्के पैसा कुटुंबांना परत. २०२४ मध्ये दर ८० डॉलरवर पोचला, पेट्रोल लिटरमागे साडेसतरा सेंटांनी महागलं. पण ऑन्टारिओतल्या चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १,१२० डॉलर आणि आल्बर्टातल्या कुटुंबाला १,८०० डॉलर मिळू लागले. टोरांटो-मिसिसॉगातल्या मराठी घरांच्या खात्यांतही ते जमा होत होते. कागदावर इतकी नेटकी योजना क्वचितच कुणी केली असेल.

गडबड देण्याच्या पद्धतीत होती. पहिली काही वर्षं हा परतावा वार्षिक कर विवरणपत्रातून दिला जाई, म्हणजे प्राप्तिकराच्या परताव्यात मिसळून जाई. २०२२ पासून तो दर तिमाहीला थेट खात्यात येऊ लागला, पण बँकेच्या नोंदीत तो कशाचा पैसा आहे ते धड कळत नसे. योजनेच्या नावात ‘कार्बन’ हा शब्द आला तो २०२४ मध्ये. उलट पेट्रोल पंपावरचा आकडा मात्र रोज, मोठ्या अक्षरांत, डोळ्यांसमोर. मग २०२३ च्या ऑक्टोबरात सरकारने घर तापवण्याच्या तेलाला तीन वर्षांची सूट दिली. हे तेल मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत वापरलं जातं, जिथे सत्ताधाऱ्यांची मतं होती. गॅसवर घर तापवणारे प्रेअरी प्रांत भडकले, आणि हा कर सगळ्यांना सारखा आहे हा दावाच कोसळला. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याचा एक अहवाल अर्थव्यवस्थेवरचे परिणाम धरून बहुतेक कुटुंबं तोट्यात असल्याचं सांगत होता. त्या गणितात उद्योगांवरचा वेगळा कर चुकून धरला गेल्याचं २०२४ मध्ये मान्य झालं, पण तोवर तो आकडा गावभर झाला होता. विरोधी नेते पिअर पॉलिएव्ह यांनी ‘हा कर हटवा’ हीच जुनी घोषणा टी-शर्टांवर छापली. २००९ मध्ये आपटलेली घोषणा आता देशभर चालली.

१४ मार्च २०२५ रोजी मार्क कार्नी पंतप्रधान झाले. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर असताना हवामान बदल हा वित्तव्यवस्थेपुढचा धोका आहे असं २०१५ मध्ये ठणकावून सांगणारे हेच ते. त्यांनी पहिल्याच दिवशी ग्राहकांवरचं शुल्क रद्द करण्याची सही केली. १ एप्रिलपासून ते थांबलं. त्याच दिवशी ब्रिटिश कोलंबियानेही जवळपास सतरा वर्षं चालवलेला आपला कर गुंडाळला. परताव्याचा शेवटचा हप्ता २२ एप्रिलला जमा झाला, २८ एप्रिलला कार्नी निवडणूक जिंकले. मोठ्या उद्योगांवरची कार्बनची किंमत मात्र कायम राहिली.

स्वित्झर्लंडमध्ये हीच गोष्ट हळू आवाजात घडली. तिथे २००८ पासून घर तापवण्याच्या इंधनांवर शुल्क आहे. टनाला १२ फ्रँकपासून २०२२ मध्ये ते १२० वर गेलं. सुमारे दोन तृतीयांश पैसा लोकांना आणि कंपन्यांना परत मिळतो. लोकांना तो आरोग्य विम्याच्या हप्त्यात वजावट म्हणून मिळतो, माणशी वर्षाला साठेक फ्रँक. विम्याच्या बिलातली ती बारीक ओळ कोण वाचतो? संशोधकांनी विचारलं तेव्हा बहुसंख्यांना असा काही परतावा मिळतो याचा पत्ताच नव्हता. जून २०२१ च्या सार्वमतात कडक हवामान कायदा ५१.६ टक्के मतांनी पडला. दोन वर्षांनी, नवा कर टाळून अनुदानांवर भर देणारा कायदा ५९ टक्क्यांनी मंजूर झाला.

‘मग परताव्याची जाहिरात करा’ हा सोपा उपाय कुणालाही सुचेल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच दोन देशांच्या अभ्यासाने त्यातही पाचर मारली. कॅनडातल्या लोकांना त्यांच्या परताव्याची नेमकी रक्कम सांगितल्यावरही कराला असलेला पाठिंबा फारसा वाढला नाही. एकदा प्रश्न पक्षांच्या खात्यावर चढला, की माणूस पैसे मोजत नाही, आपली बाजू बघतो. म्हणून साँडर्स यांची ती मवाळ, कंटाळवाणी वाटणारी पद्धत महत्त्वाची. परताव्याची समजूत कायद्याच्या आधी घालावी लागते, आणि ती घालणारा माणूस सरकारी नसून शेजारचा असावा लागतो. या बाबतीत कॅनडाचं सरकार हुशार होतं, पण एकटं होतं.

आता महाराष्ट्राकडे. एका ठरावीक कामासाठी सगळ्यांनी थोडा कर भरायचा, हे मराठी माणसाला नवं नाही. पगाराच्या चिठ्ठीत दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी लावला गेला. १९७२ चा दुष्काळ ताजा होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला आधी प्रयोग केला होता. शहरातल्या पगारदाराने भरायचं आणि गावातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, असा सरळ सौदा होता. त्या पैशातून नालाबांध, पाझर तलाव, रस्ते झाले, १९९० नंतर फळबागा उभ्या राहिल्या. योजनेच्या कायद्याला सर्व पक्षांचा पाठिंबा मिळाला आणि पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याने त्याचाच कित्ता गिरवला. आज हा कर भरणाऱ्या किती जणांना त्याचा इतिहास ठाऊक आहे हा प्रश्नच आहे, पण कर पन्नास वर्षं टिकला.

कार्बनच्या बाबतीत भारताने केलेला प्रयोग इतका सुदैवी नव्हता. २०१० च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. टनभर कोळशातून दीड टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो हे धरलं, तर ही कार्बनवर टनामागे अडीचशे रुपयांच्या आसपास किंमत झाली. जगात तेव्हा फार थोड्या विकसनशील देशांनी एवढी हिंमत केली होती. पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जायचा होता. २०१० ते २०१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. निधीकडे वळले ते ३० हजार कोटींहूनही कमी, आणि प्रकल्पांवर खर्च झाले साधारण १६ हजार कोटी. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर राज्यांच्या महसुली भरपाईच्या खात्यात विरघळला. कुठे ओरड झाली नाही, कारण वीजबिलातून आपण तो भरतो हेच लोकांना माहीत नव्हतं. फ्रान्समध्ये लोक रस्त्यावर आले, इथे कुणाला कळलंसुद्धा नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट म्हणायला हवी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा तो ४०० रुपयांचा उपकरही गेला आणि त्याऐवजी वस्तू व सेवा कराचा दर ५ वरून १८ टक्के झाला. आता त्या पैशाला हवामानाचं नावही उरलेलं नाही आणि तो कुठे जातो याचा वेगळा हिशेबही नाही. पुढच्या अर्थसंकल्पाआधी तुमच्या भागातले खासदार भेटले, तर त्यांच्या एखाद्या चांगल्या कामाबद्दल आधी आभार माना, आणि मग विचारा: कोळशावरच्या या करातले किती रुपये सौरपंपांना, कोळसा खाणी बंद होतील तेव्हा चंद्रपूर-यवतमाळच्या कामगारांना, किंवा सरळ लोकांच्या खात्यात जाणार आहेत? उत्तर लेखी मागा.